भोंगा वाजल्याशिवाय

"उंटावरून शेळ्या हाकू नोको," बाबा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवून दिला.

आता सांगा, मी काय करावं. मी बसमध्ये, बस हॉलंडमध्ये. बाबा आमच्या घरात, वैनगंगेच्या काठावर, चुलीजवळच्या खिडकीत, कारण आमच्या घरात टॉवर फक्त त्या खिडकीत लागतो. वरच्या धरणाची दारं आदल्या संध्याकाळपासून उघडलेली. गाव सगळं उठून सडकेवरच्या शाळेत गेलेलं. आई गेली, शेळ्या गेल्या, भिंतीवरचे बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे फोटो आईनं लुगड्यात गुंडाळून नेले. राहिला कोण, तर सोमाजी, माझा बाप. नदीकडून मोजायला घेतलं तर गावातलं पहिलं घर आमचं, आणि त्या घरात तो एकटा मांडी घालून बसलेला.

खरोखरच्या शेळ्या असत्या तर मी उंटावरून काय, विमानातूनही हाकल्या असत्या. शेळ्या ऐकतात.

"काय म्हणाले?" शेजारी बसलेल्या रुमानानं विचारलं. रुमाना बांगलादेशची, बारिसालकडची. आमच्या वर्गात माझी हिंदी समजणारी ती एकटीच, म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही एकमेकींना चिकटलो होतो.

"म्हणाले, भोंगा वाजेपर्यंत उठणार नाही."

"मग वाजवा ना भोंगा."

किती सोपं. भोंगा ग्रामपंचायतीच्या छतावर आहे, पण गावात कालपासून लाईट नाही. भोंग्याला बॅटरी होती, ती पोरांनी काढून गणपतीच्या मंडपात लायटिंगला लावली. ही बातमी मला बाबानंच मागच्या आठवड्यात हसत हसत सांगितली होती. आज तोच माणूस म्हणतो, वाजला की उठतो.

हे खूळ त्याच्या डोक्यात कसं शिरलं, तेही सांगते. मागच्या पावसाळ्यात असाच मेसेज आला, पाणी सोडत आहेत म्हणून. तेव्हा भोंगा वाजला नव्हता, नुसता मेसेज. बाबा गावात सगळ्यांच्या आधी निघाला. डोक्यावर टीव्ही, काखेत गोधडी, मागं आई, मागं शेळ्या. शाळेच्या वऱ्हांड्यात मुक्काम केला आणि पाणी घाटावरच्या चिंचेच्या मुळापर्यंत येऊन माघारी फिरलं. झालं. वर्षभर गावातल्या पोरांनी त्याचं जगणं नकोसं केलं. तो पानठेल्यावर दिसला की कोणीतरी तोंडानं भोंगा वाजवायचा, ऊँऽऽऽ, आणि दुसरा म्हणायचा, "सोमाजीभाऊ, टीव्ही उचला." बाबा हसायचा सगळ्यांसोबत. घरी येऊन जेवायचा नाही. शेवटी त्यानं कानाला खडा लावला. आता खरोखर भोंगा वाजल्याशिवाय आपण हलायचं नाही, मग कोणी का सांगेना.

त्या कोणीमध्ये मीही आले.

मला इथं येऊन तीनच आठवडे झाले होते. चंद्रपूरला इंजिनिअरिंग केलं, शिष्यवृत्ती मिळाली आणि पाण्याचं व्यवस्थापन शिकायला इकडे आले. बाबा भेटेल त्याला सांगायचा, "पोरगी हालंडले गेली पाण्याचं शिकाले. जसं काही आपल्या इथी पाणी कमी पडलं होतं." पण सांगताना छाती अशी पुढे काढायचा की सदऱ्याची गुंडी तुटावी. नव्या पोरांची ओळख व्हावी म्हणून कॉलेजनं समुद्रकिनाऱ्याची एका दिवसाची सहल काढली, तेव्हा त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्यानं समुद्र पाहिला नव्हता. मीही नाही. आमच्या जिल्ह्यातून समुद्र पाहायचा तर आधी अर्धा देश ओलांडावा लागतो.

"मले व्हिडिओवर दाखव," तो म्हणाला होता. "आपल्या वैनगंगेचं पाणी शेवटी कुठी जाते ते एकदा पाहू दे."

"बाबा, आपलं पाणी तिकडं आंध्रात जाते. हा समुद्र येगळा आहे."

"सगळे समुद्र आतून एकच रायते."

पाण्याचं व्यवस्थापन शिकायला मी गेले होते, शिकवत होता तो.

तर अशी ती सहल. बसमध्ये पोरं गाणी म्हणत होती, चिप्स फिरत होते, पुढं उभ्या राहून मारीत मॅडम माईकवर काहीतरी सांगत होत्या. मारीत मॅडम आमच्या कोर्सच्या प्रमुख, उंच, पांढरे आखूड केस, आवाज कायम आनंदी. बाहेर सपाट हिरवं रान, गायी, सरळ रेघेत खणलेले पाट. माझं लक्ष कशातच नव्हतं. बोटं सारखी फोनवर. डावा पाय आपोआप हलत होता, इतका की पुढच्या सीटवरच्या पोरानं दोनदा मागं वळून पाहिलं. पाहू दे. त्याचा बाप नदीच्या तोंडाशी बसला नव्हता.

मी पुन्हा फोन लावला.

"बाबा, माह्यं ऐक. मुखरूभाऊ येऊन गेले ना थाळी वाजवत?" मुखरू आमच्या गावचा कोतवाल. भोंगा बंद म्हणून सकाळी सायकलवर थाळी बडवत फिरला होता.

"आला होता. त्याले म्हटलं, भोंगा वाजव."

"थाळी वाजवली ना त्यानं."

"थाळी तर लग्नातही वाजवते."

"लाईट नाई तर भोंगा वाजन कसा, बाबा? बॅटरी गणपतीजवळ आहे."

"मंग काढून आणतीन. जबाबदारी आहे ना त्याईची. माह्या घरातून मीच काऊन पळू दर खेपी?"

"पाणी कुठवर आलं?"

"चिंचेच्या वर आहे. पण सुस्त आहे. मी खुटी ठोकली आहे, पाहून राह्यलो."

ही खुटी म्हणजे आमच्याकडची पुराची रीत. पाणी जिथवर आलं तिथं काठाला एक काडी रोवायची. घटकाभरानं जाऊन पाहायचं. काडी कोरड्यात उभी असली तर पाणी उतरतंय. काडी पाण्यात गेली तर दुसरी काडी घेऊन मागं सरकायचं. बाबाचा या खुटीवर भारी भरवसा. धरणाचे आकडे, मोबाईलवरचे मेसेज, तहसीलदाराचा माणूस, सगळे खोटे, खुटी खरी. आणि खुटी खरीच असते, पण पाऊस पडून चढलेल्या पाण्यासाठी. दारं उघडून सोडलेलं पाणी काडी रोवायला वेळ देत नाही. पालथ्या घड्यावर पाणी घातल्यासारखं मी हे त्याला सांगत होते.

"तू समुद्रावर पोचली का?" त्यानं मधेच विचारलं.

मला एकदम सुचलं. "पोचतच आहो. पण मी समुद्र दाखवीन तर तू शाळेत गेल्यावर. आधी नाई."

मला वाटलं, लागला गळाला.

"पहिले दाखव," तो म्हणाला. "मंग पाहू."

बसमधून उतरलो तर वारा असा की ओढणी गळ्याला फास लावायला निघाली. वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर खरबरीत गवत, मधून लाकडी पायवाट. ती पायवाट संपली आणि समुद्र दिसला. मी थांबले. मागून येणारी पोरं मला धक्का देत पुढं गेली.

खरं सांगते, मला तो आवडला नाही. दुसऱ्या कोणत्या दिवशी आवडला असता. त्या दिवशी ते सगळं करडं पाणी, पलीकडचा काठच नाही, आणि एकसारखं आपल्या दिशेनं येणारं. पुराच्या नदीत झाडं वाहत येतात, छपरं येतात, कुठून काय आलं ते कळतं. इथं नुसतं पाणी येत होतं. पोरं किंचाळत बूट काढून आत शिरली. रुमाना काठावर शिंपले पाहत फिरायला लागली. मारीत मॅडमनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं, एवढ्या थंडीत. मी ते कसंबसं संपवलं आणि माझ्याही नकळत वाकून त्याची काडी पाण्याच्या कडेला वाळूत रोवली.

मग माझं मलाच हसू आलं. पोरगी शिकायला कुठंही जावो, बापाची खुटी काही सुटत नाही.

पण हसले तरी तिथून हलले नाही. लाट आली, काडीला शिवून गेली. दुसरी आली, अलीकडेच राहिली. तिसरी काडीच्या पार वर येऊन मागं गेली, काडी पुन्हा कोरड्यात. मी वेड्यासारखी पाहत राहिले. चढतंय की उतरतंय, काही कळेना. बाबा असता तर त्यालाही कळलं नसतं, आणि तो चिडला असता.

दुपार होत आली होती. तिकडे आमच्या गावात चहाची वेळ झाली असेल. मी व्हिडिओ कॉल लावला. मनाशी म्हटलं, जाऊ दे सौदा. दाखवून टाकू. खूश झाला तर ऐकेल तरी.

लगेच उचलला. आधी काळं दिसलं, मग त्याची हनुवटी, मग अर्धा चेहरा. दाढी वाढलेली. मागं चूल, चुलीवर काहीच नाही. उपाशीच बसला होता तर.

"पाय, बाबा." मी फोन फिरवला आणि पाण्यात शिरले, म्हणजे त्याला जवळून दिसावं. पाणी असं गार की पोटऱ्या आखडल्या. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. मागं रुमाना ओरडली, फार आत जाऊ नको.

"अव माय," बाबा म्हणाला. एवढंच. मला वाटलं नेट गेलं.

"दिसून राह्यलं का?"

"दिसते. याले तिकडून काठ नाई का व?"

"आहे. पण दुसऱ्या देशात आहे."

"तू कुठी उभी आहेस?"

"पाण्यातच."

"लय आत जाऊ नोको. तुले पोयता येत नाई." त्याचा आवाज बारीक झाला होता. "नूतन, बाहेर निघ. पाह्यलं मी. झालं."

"निघतो. तूही निघ. मी पाण्याबाहेर, तू घराबाहेर. सोबतच निघू, चाल." मी म्हटलं, आणि काय सांगू, तो क्षणभर विचारात पडल्यासारखा दिसला. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. ओठ हलवले.

आणि भोंगा वाजला.

मागून, टेकड्यांच्या पलीकडच्या गावातून. खालून वर चढत जाणारा, आमच्या भोंग्यासारखाच, पण दहा भोंगे एकदम वाजावेत तसा. मग दुसरीकडून आणखी एक. आकाशभर तोच आवाज. माझं डोकं चाललं नाही. डोक्याला मधे घेतलंच नाही पायांनी. लहानपणापासून एकच ठाऊक, भोंगा वाजला की पाणी सोडलं, आणि पाण्यात असाल तर मागं पाहायचं नाही. मी वळले आणि पळत सुटले. पळताना छातीच्या खालून ओरडले, मराठीत, आमच्या मराठीत, "पाणी सोडलं, पाणी आलं, पळा रे, वरती पळा." पाण्यातून बाहेर येताना पाय अडखळला, उपडी पडले, फोन हातातून उडाला. उचलला, परत पळाले. माझ्या शेजारी कोणीतरी धापा टाकत पळत होतं. ती रुमाना होती. तिच्याकडे भोंगा वादळाचा वाजतो.

आम्ही दोघी वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर जाऊन थांबलो. ओल्या, वाळूनं माखलेल्या, एकमेकींचे हात धरून. खाली पाहिलं तर अख्खा वर्ग पाण्याच्या काठावर उभा राहून आमच्याकडे पाहत होता. एक बाई कुत्र्याला चेंडू टाकत होती. कुत्राही पळाला नव्हता.

भोंगा थांबला. मग वर्ग हसला. वाईट हसला असं नाही म्हणणार, पण हसला.

मारीत मॅडम धावत वर आल्या. त्यांनी सांगितलं की या देशात महिन्याच्या पहिल्या सोमवारी भर दुपारी बारा वाजता सगळे भोंगे वाजवून पाहतात, चालू आहेत की नाही म्हणून. तसं ईमेलमध्ये लिहिलंही होतं. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी स्वतःचं जॅकेट काढून माझ्या खांद्यावर घातलं.

म्हणजे बघा. इथं पूर नसताना दर महिन्याला भोंगा वाजवतात. आमच्याकडे पूर असताना बॅटरी गणपतीला. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

आणि मग आठवलं, फोन चालू होता.

काढून पाहिला तर पडदा काळा. कडेनं पाणी गळत होतं. दाबलं, झटकलं, जॅकेटनं पुसलं, काही नाही. रुमानानं तिचा फोन दिला. बाबाचा नंबर मला पाठ, सिमकार्ड मीच घेऊन दिलं होतं. लावला. डच बाईचा आवाज आला, मग इंग्रजी बाईचा, मग आमची हिंदी बाई: ज्या व्यक्तीशी तुम्ही संपर्क करू इच्छिता, ती सध्या. पुन्हा लावला, पुन्हा तीच. आईजवळ फोनच नाही. शेजारची पिंकी आईसोबत शाळेत होती, पण तिचा नंबर माझ्या मेलेल्या फोनमध्ये.

मला त्या वाळूवर बसवेना. उभं राहवेना. माझ्या काडीपाशी गेले, तर काडी नव्हती. पाणी तिच्या बरंच वर चढून आलं होतं. भरती, कोणीतरी म्हणालं. दिवसातून दोनदा येते.

दुपारभर आम्हाला मोठा बांध दाखवला. मॅडम सांगत होत्या की बांधाच्या अलीकडची जमीन समुद्रापेक्षा खाली आहे, आत्ता तुम्ही उभे आहात तिथं बांध नसता तर डोक्यावर पाणी असतं. पोरं फोटो काढत होती. मी रुमानाच्या फोनवर तोच नंबर लावत होते. ती हिंदी बाई मला आता ओळखायला लागली असेल.

आणि मधूनच मनात एक गोष्ट यायची, आणि बरं वाटायचं. बाबानं भोंगा ऐकला असणार. फोनमधून का होईना, भोंगा तो भोंगा. त्याला वाटलं असणार आपल्याच ग्रामपंचायतीचा वाजला. बॅटरी आणली पोरांनी. उठला असेल, सदरा घातला असेल, टीव्ही उचलला असेल. हट्ट पुरा झाला त्याचा. मी न ठरवता त्याला फसवलं होतं, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. माझं कितीही हसं होवो, एवढ्यासाठी मी आणखी दहा वेळा उपडी पडले असते.

पण लगेच दुसरं मन म्हणायचं, तो इतका भोळा आहे का? सोमाजी तो. नाकासमोर खिडकी आहे, खिडकीतून ग्रामपंचायतीचं छत दिसतं. तो म्हणाला असेल, फोनमधला भोंगा तो फोनमधला, मी ऐकला काय अन् नाई ऐकला काय, खुटी पाहतो. आणि गेला असेल खुटी पाहायला. खाली, घाटाकडे. इथवर आलं की मी पुन्हा नंबर लावायचे.

जेवायला गार ब्रेड आणि चीज होतं. रुमानानं जबरदस्तीनं दोन घास भरवले.

परतीच्या बसमध्ये तिलाच सुचलं. म्हणाली, तुझी ती पिंकी इन्स्टाग्रामवर असेलच ना? मी कपाळावर हात मारला. पिंकी इन्स्टाग्रामवर नसेल तर कोण असेल, ती तिथंच राहते, गावात फक्त जेवायला येते. रुमानाच्या फोनवर माझं खातं उघडलं. पिंकीचे मेसेज आधीच येऊन पडलेले, एकाखाली एक. ताई कुठी आहेस. ताई तू बरी आहेस का. ताई फोन लाव. ताई काकाजी लय रडून राह्यले.

मी ते शेवटचं परत वाचलं. बाबा रडतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी लगेच कॉल लावला.

"ताई," पिंकी म्हणाली, "थांब, काकू इथीच आहे."

मग आई. आईचं नाव बायनाबाई, आणि तिचा आवाज गावच्या भोंग्यापेक्षा पक्का, त्याला ना लाईट लागते ना बॅटरी. आज मात्र ती हळू बोलली.

"तू कशी आहेस वो, बाई?"

"मी ठीक आहो. बाबा कुठी आहे?"

"आहे. इथीच आहे. त्याले काय झालं काय मालूम. आमी इथी बसलो होतो, तं तो सडकेवरून पळत आला. पायात चप्पल नाई, आंगात बनियन, हातात ते खुटीची काडी. ना टीव्ही आणला, ना काई. घराचं दार उघडं टाकून आला. म्हटलं, काय झालं, आलं का पाणी? तं तो मनते, नूतनकडं पाणी आलं."

मी फोन कानाला आणखी दाबला.

"मनते, तिकडं भोंगा वाजला, म्या आपल्या कानानं ऐकला, पोरगी पाण्यात उभी होती, पाणी आलं पाणी आलं म्हणून ओरडली अन् फोन मेला. इथी सगळ्याईच्या पाया पडून राह्यला, कोणी फोन लावा हालंडले. पोट्टे हासले पहिले. मंग कोणी हासलं नाई. गुणवंतराव गुरुजीनं आपल्या फोनवरून किती खेपी लावला. त्याचा फोन तं येता येता पाण्यातच पडला, नाल्याजवळ."

"नाल्याजवळ कुठून पाणी?"

"अव, तेच तं. तो आला अन् त्याच्या मागं मागं पाणी. चिंच दिसत नाई आता. आपल्या घरात पाणी शिरलं. ते चुलीकडची भिंत आहे ना, खिडकीची, ते बसली पूर्ण. गावातल्या त्या लच्छूनं झाडावर चढून पाह्यलं."

खिडकीची भिंत. टॉवर जिथं लागतो ती. बाबा सकाळपासून जिथं पाठ टेकून बसला होता ती.

बसमध्ये पोरं पुन्हा गाणी म्हणत होती. रुमानानं काही न विचारता माझा हात धरला. मी दिवसभर केवढ्या हुशारीत होते. शेळ्या हाकत होते. समुद्राचं आमिष दाखवत होते. मनात मनात त्याला फसवल्याचा आनंद करत होते. तो फसला नव्हताच. गावचा भोंगा कोणता आणि परका कोणता हे त्याला पुरतं कळलं होतं. स्वतःसाठी तो भिंत पडेपर्यंत उठला नसता, हेही तितकंच खरं.

"दे त्याले," मी आईला म्हटलं.

खुडबुड झाली. मागं शेळ्या ओरडत होत्या, कोणाचं तरी लेकरू रडत होतं. मग श्वास ऐकू आला. बाबा फोन तोंडाच्या फार जवळ धरतो, म्हणून आधी नेहमी श्वासच येतो.

"नूतन."

"हो बाबा."

"तू कोरड्यात आहेस ना?"

"कोरड्यात आहो. बाबा, ते पाणी नव्हतं. तो भोंगा..."

"बरं झालं तू पळाली. म्या पाह्यलं पळताना. असंच पळाव." त्यानं नाक ओढलं. माझं पुढचं त्यानं ऐकूनच घेतलं नाही. "फोन मेला तं म्या म्हटलं, गेलं."

"बाबा, आपली भिंत पडली म्हणते आई."

"पडू दे. भिंतीचं काय, माती आपलीच आहे." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, जसा काही शाळेतल्या लोकांना ऐकू जाऊ नये म्हणून, त्यानं विचारलं, "तिथी उंचावर शाळा आहे का व? तुमाले जागा दिली का बसाले?"

खिडकीबाहेर सगळं सपाट होतं. दूरवर कुठे टेकडी नाही, चढ नाही. समुद्रापेक्षाही खालची जमीन, तिच्यावरून आमची बस चालली होती. मॅडमचं जॅकेट अजून माझ्या अंगावर होतं.

"आहे, बाबा," मी म्हटलं. "शाळेतच बसलो आहो आमी सगळे. लय उंचावर आहे."

"हं," तो म्हणाला. "मंग ठीक आहे. भोंगा पुरा थांबेपर्यंत खाली उतरू नोको."